वेणूबाईचा पीळ

वेणूबाई केळीच्या खोडाच्या सोललेल्या सोपटावर बोथट सुरी ओढत होती. गर खरवडून निघत होता आणि मागे पांढऱ्या, ओल्या धाग्यांचा वाख उरत होता. समोर मुंबईहून आलेले आठ पाहुणे मोबाईल धरून बसले होते. दिवेआगरच्या या वाडीत उतरणाऱ्या पाहुण्यांना दर रविवारी केळीच्या वाखाचा दोर वळून दाखवायचा, ही वाडीच्या मालकांच्या सुनेची, आश्लेषाची कल्पना.

"ही कला मी सासूबाईंकडून शिकले," आश्लेषा सांगत होती. "आमच्या घरात चार पिढ्या चालत आलीय."

वेणूबाईची सुरी थांबली.

चक्रीवादळात वाडी झोपली तेव्हा हीच आश्लेषा अंगणात रडत बसली होती. आडव्या झालेल्या केळींची सोपटं वेणूबाईनेच सोलली, वाख काढला आणि महिनाभर तिच्या शेजारी बसून तिला दोर वळायला शिकवलं. सासू कुमुदताईंनी तेव्हा वास येतो म्हणून नाकाला पदर लावला होता. आता त्याच कुमुदताई पडवीतल्या झोपाळ्यावर बसून सुनेच्या बोलण्याला मान डोलवत होत्या.

ती डुलणारी मान बघून वेणूबाईच्या मस्तकात तिडीक गेली. सून एक वेळ पोरसवदा होती. पण कुमुदताईंना सगळं माहीत होतं.

"आणि या कोण?" एका पाहुणीने विचारलं.

"या मदतीला असतात."

वेणूबाईने सुरी खाली ठेवली, हात धुतले. "वहिनी, आता तुमीच वळून दावा. घरातली कला हाय ना."

आश्लेषा हसत वाख घेऊन बसली. पण गेली काही वर्षं ती नुसती बोलत होती, वळत वेणूबाई होती. आश्लेषाने दोन्ही पेडांना उजवा पीळ दिला आणि ते एकमेकांवर वळताना उलटा द्यायचा, तिथेही उजवाच दिला. पाहुणीने टोक ओढताच दोर सुटून दोन पेड वेगळे झाले.

"कुठं चुकलं, वेणूबाई?"

"मला काय इचारता? सासूबायना इचारा."

झोपाळा थांबला. कुमुदताई उठून आत गेल्या. वेणूबाईने चपला पायात सरकवल्या आणि घर गाठलं.

संध्याकाळी आश्लेषा तिच्या दारात आली. "सगळ्यांसमोर असं करायला नको होतं तुम्ही."

"खोटं सगळ्यांसमोरच बोललात ना?"

आश्लेषा म्हणाली, "चुकलं माझं."

"हितं ऐकायला कोण हाय? जिथं बोललात तिथं बोला." वेणूबाईने तिला घरात ये म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी वेणूबाई वाडीच्या बेड्याशी, फाटकापाशी येऊन उभी राहिली. आत नवे पाहुणे होते. आश्लेषाने तिला पाहिलं, घसा खाकरला.

"हे मला वेणूबाईंनी शिकवलं. आमच्या घरात हे कुणालाच येत नव्हतं. मागच्या वेळी मी खोटं सांगितलं होतं."

तिचे कान लाल झाले होते. वेणूबाईला दया आली नाही, पण ती आत गेली. नेहमीच्या गोणपाटावर न बसता तिने पाहुण्यांतली एक खुर्ची ओढली आणि वाख हातात घेतला.

कुमुदताई बाहेर आल्या नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरच्या कुठल्या रविवारीही नाही. आणि वेणूबाईही त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.