सारा गेली नाही

पेटी उचलायची पाळी नेटाची आणि माझी आली, तेव्हा गावाचं कब्रस्तान दिसायला लागलं होतं.

शंभर वर्षांपूर्वी कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या सरकारनं आम्हा मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या शाळा इंग्रजी करायला घेतल्या. पोरांच्या तोंडची जर्मन जाईल, मागोमाग प्रार्थनाही जाईल, म्हणून मंडळीच्या मंडळी घरदार विकून मेक्सिकोला गेली. त्याच वाटेनं, गावापासून स्टेशनापर्यंत, त्यांच्या आठवणीसाठी आम्ही तिकडची-इकडची तरुण पोरं त्यांच्या सामानाची एक जुनी लाकडी पेटी वाहत चाललो होतो. मी मेक्सिकोचा, घरी चीज करतो. नेटा इथलीच. आमची खापरपणजी मात्र एकच, सारा थीसन.

सारा गेली नाही. "ही जमीन मी नांगरलीय, मी हलणार नाही," म्हणाली. नवरा दोन्ही मुलगे घेऊन गेला, तान्ही मुलगी तिच्यापाशी राहिली. चर्चच्या मंडळीनं तिला वाळीत टाकलं, आणि टाकणारे सगळे आगगाडीत बसून निघून गेले. ती वारली तेव्हा बहिष्कार उठवायचा अधिकार असलेलं कुणी गावात उरलंच नव्हतं. म्हणून तिला कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरलं.

नेटा रस्ता सोडून वळली. पेटीची दुसरी कडी माझ्या हातात.

"ए, कुठं?"

"खापरपणजीकडे. नको असेल तर सोड कडी, मी ओढत नेईन."

मागून कॉर्नेलियसकाकांची हाक आली. ते आमचे मेक्सिकोतले धर्मोपदेशक. यात्रा त्यांनीच काढलेली.

"पोरी, वाट इकडं आहे! ही यात्रा गेलेल्यांची आहे."

"मग राहिली तिच्यासाठी कोण चालणार, काका?"

"तिनं मंडळीचा शब्द मोडला."

"आणि मंडळीनं सरकारचा मोडला. त्याचीच तर यात्रा काढलीय तुम्ही!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. काका लालबुंद झाले. "आब्राम, पेटी खाली ठेव."

त्यांना मी जन्मात उलटून बोललो नव्हतो. तेव्हाही बोललो नाही. कडी घट्ट धरली आणि नेटाबरोबर वळलो. बाकीचे स्टेशनाकडे गेले. चौघं मात्र आमच्या मागं आले.

तारेपलीकडे, पॉपलरच्या झाडाखाली, गवतात बुडालेला एक दगड. त्यावर नावही धड नव्हतं. नेटा गवत उपटत राहिली. रडली नाही, चिडलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाजण फावडी, पहार घेऊन आलो. कुंपणाचे चार खांब उपटले आणि थडग्याच्या पलीकडे रोवायला घेतले. तेवढ्यात काकांची मोटार आली.

"हे कुणाला विचारून चाललंय?"

नेटानं पहार जमिनीत खुपसली. "तिला बाहेर ठेवताना कुणाला विचारलं होतं, काका?"

काकांनी टोपी काढून त्या दगडाकडं बघितलं. आशीर्वाद दिला नाही, शापही दिला नाही. टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसले. घरी परतल्यावर शिक्षा म्हणून मला प्रार्थनेत शेवटच्या बाकावर बसवतील, हे मला कळून चुकलं.

"बघत काय बसलास? तार ताण की!" नेटा ओरडली.

मी ताणली.