बसला हात करणारा माणूस

चकलांबा फाट्यावर श्रीशैल अप्पांचं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर बसलं की समोरचा बसथांबा दिसतो. तिथं रोज सकाळी आश्रुबा नाना उभे असत. डेअरीला दूध घालायचं, रिकामी किटली सायकलला अडकवायची आणि लिंबाखाली तासभर थांबायचं. गेवराईची बस येई, जाई; नाना कधी तिच्यात चढत नसत. चार वर्षं हे बघून अप्पांनी ठरवून टाकलं होतं, की हा माणूस रिकामटेकडा आहे. गिऱ्हाइकांजवळ ते तसं हसून बोलतही.

डिसेंबरात नाना बांधावरून घसरले आणि त्यांचा पाय चांगलाच मुरगळला. दोन दिवसांनी तुळजाबाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, सोमवारी गेवराईच्या दवाखान्यात निघाली होती. बस नुकतीच गेली होती.

"कावून चढला न्हाईत, मावशी?"

"मला लांबचं दिसत न्हाई, अप्पा. आधी हात केला तर त्यो उसाचा ट्रक निघाला. मंग खरी बस आली तर हात करायला उशीर झाला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आश्रुबा आसला म्हंजी काळजी नसती. त्यो लांबूनच पाटी वाचतो, बस थांबवतो, पिशवी वर देतो. दवाखान्यापशी उतरवा म्हणून कंडक्टरला सांगतो."

"दर सोमवारी?"

"माझा सोमवार. बाकीच्या दिवशी दुसरं कुणी आसतंय की."

नानांना पिशव्या उचलताना अप्पांनी कितीदा तरी पाहिलं होतं. पाहुण्यारावळ्यांना बसवून देत असतील, एवढंच त्यांना वाटलं होतं.

पुढची बस तासाभरानं होती. साखर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला "थांब जरा" म्हणून अप्पा रस्त्यावर जाऊन उभे राहिले. बस थांबली. पण तुळजाबाईंना पायरीवर चढवताना अप्पांची धांदल उडाली. पिशवी आधी आत ठेवायची असते आणि मग कोपराला धरायचं असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

नाना बरे होईपर्यंत महिना गेला. तेवढे दिवस अप्पा रोज थांब्यावर गेले. कधी धुरळा खाल्ला, कधी दुकानातली गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. एकदा तर त्यांनी बीडच्या बसमध्ये गेवराईला जाणारा माणूस बसवला आणि धावत जाऊन उतरवला.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत नाना मागच्या रांगेत बसले होते. अप्पा उभे राहिले. भाषणाची सवय नव्हती.

"मी तुमच्यातल्या लई जणांपशी ह्या माणसाला रिकामटेकडा म्हणलो," त्यांनी नानांकडे हात केला. "चार वर्षं समोर बसून मला दिसलं न्हाई. चूक माझी हाय. तुमच्यापशी बोललो व्हतो, म्हणून तुमच्याच म्होरं सांगतो." मग थांब्यावर काय चालतं ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

सरपंचांनी शाल मागवली. नाना अवघडून उठले.

"शाल कशाला?" ते म्हणाले. "दूध घालून झालं की मला तरी काय काम आसतंय? अप्पा बरुबर बोलले, मी रिकामाच हाय."

सगळे हसले. अप्पांनाही हसू आलं, पण त्यांचे डोळे भरले होते.

"एक मातर करा," नाना म्हणाले. "मार्चात मी लेकीकडं परळीला चाललोय, पंधरा दिवस. तवा कुणीतरी थांबत जावा."

"मी हाय," अप्पा म्हणाले.

"तुमी बीडच्या बसमदी बसवता," मागून तुळजाबाई बोलल्या, आणि पुन्हा हशा झाला.

मार्चात अप्पा थांब्यावर गेले तेव्हा पंक्चरवाला धर्मराज आधीच तिथं उभा होता. "तुमी दुकान बघा, अप्पा," तो म्हणाला. "आज मी हाय." दोघांनी मिळून वार वाटून घेतले.