नऊ स्टुलं

“ते तागे काढ गं स्टुलावरचे,” मीटरबाई म्हणाल्या.

अस्तराच्या काउंटरवरची पोरगी हातातली कात्री तशीच धरून बघत राहिली. “कशाला? वरचं काही काढायचंय का?”

“चढायचं नाहीये. बसायचंय.”

“बरं वाटत नाहीये का मावशी? पाणी आणू?”

मीटरबाईंना हसू आलं आणि ते तोंडातच कडू झालं. पोरीचं तरी काय चुकलं? या कापडाच्या दुकानात चार वर्षं काढली होती तिने, पण स्टुलावर कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. स्टूल म्हणजे तागे रचायची जागा, फार तर बल्ब बदलायला चढायची.

“ठणठणीत आहे मी. आज शेवटचा दिवस ना माझा. थोरले साहेब पाच वाजता चक्कर मारतील, तेव्हा मला बसलेलं असायचंय.”

“अगंबाई! आणि ते काही बोलले तर?”

“काय बोलणार? उद्यापासून येऊ नका?”

दोघी तोंडावर हात धरून हसल्या.

मापात हात कधी चुकला नाही, म्हणून त्या मीटरबाई. तयार कपडे फारसे कुणी घेत नसे, त्या काळापासून त्या काउंटरच्या पितळी पट्टीवर कापड मोजत आल्या होत्या. एकतीस वर्षं, तीही उभ्याने. गिऱ्हाइकाला गादीची खुर्ची, साहेबांना काचेच्या केबिनमध्ये फिरती खुर्ची आणि विकणाऱ्या बायकांना सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत आपापले पाय. घरी जाताना पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या असत. “दारातल्या पुतळ्यांनासुद्धा मागून लोखंडी टेकू असतो,” शेजारच्या काउंटरवरची वकिलीण म्हणायची, “आपण त्यांच्यापेक्षाही स्वस्त.”

तिचा नवरा गवंडी होता. पण वादात तिच्यापुढे कुणी टिकलं नव्हतं, म्हणून ती वकिलीण. दुकानाची तिसरी शाखा थाटात उघडली आणि त्याच महिन्यात साहेबांनी सांगितलं, पगारवाढ परवडत नाही. तेव्हा तिनेच सगळ्यांना गोळा केलं. तिला धरून नऊजणी. मागण्या दोनच, पगार आणि बसायला काहीतरी. “आरडाओरडा करायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. आत बसू देत नाहीत ना? मग बाहेर बसू.”

अकरा दिवस त्या दुकानासमोरच्या फुटपाथवर चटया टाकून बसल्या. नोकरीला लागल्यापासून इतकं बसणं पहिल्यांदाच, म्हणून एकमेकींना चिडवायच्या. गिऱ्हाइकाला वाट सोडायच्या, उठताना जागा झाडून घ्यायच्या. एकदा गर्दीतल्या कुणीतरी दगड उचलला, तर वकिलिणीने त्याचं मनगट धरलं. “काच फुटली की उद्या पेपरात काचच छापून येईल. आम्ही नाही.”

बाराव्या दिवशी समेटाचा कागद आला. नऊ स्टुलं मंजूर. पगाराचं पुढच्या वर्षी बघू. आणि कामावर परत घ्यायच्या यादीत नावं आठ.

गाळलेलं नाव वकिलिणीचं. शेवटी तीच म्हणाली, “करा सह्या. पोरंबाळं आहेत घरी.” सर्वांत वरची सही मीटरबाईंची. त्या गोष्टीबद्दल दोघी पुढे कधी बोलल्या नाहीत.

स्टुलं आली. साहेबांचा स्टुलांसकट फोटो पेपरात आला, तो अजून गल्ल्यामागे टांगलेला होता. ‘गिऱ्हाईक नसताना बसण्यास हरकत नाही’ अशी पाटी लागली आणि त्याच आठवड्यात समोरच्या भिंतीला मोठा आरसा. केबिनमधून सगळी काउंटरं दिसतील असा. सुरुवातीला दोघी बसल्या. त्यांची बदली तळघरातल्या गोदामात झाली. तिसरी कुणी बसली नाही.

वकिलिणीने मग जन्मभर लोकांच्या फरश्या पुसल्या आणि आता अंथरूण धरलं होतं. गेल्या रविवारी तिने मीटरबाईंचा हात घट्ट धरला. “त्या नऊतलं एक माझं आहे बघ. जायच्या आधी एकदा बस त्यावर. त्याच्यासमोर. मला वाटू दे, काहीतरी पदरात पडलं.”

पाचला दहा मिनिटं होती तेव्हा मीटरबाई बसल्या. स्टूल जरासं डगमगत होतं. काउंटर एकदम छातीपर्यंत आलं. पितळी पट्टी डोळ्यांच्या इतकी जवळ त्यांनी कधी पाहिली नव्हती. तिच्या मधोमध त्यांच्याच हातांनी झिजून खोलगट झालं होतं.

केबिनचं दार उघडलं. थोरले साहेब हल्ली काठी टेकत चालायचे. काठीचा एक ठोका, दुसरा ठोका. तिसऱ्याला मीटरबाई उभ्या होत्या. कुणी उठवलं नव्हतं. गुडघेच उठले होते.

“अहो बसा, बसा!” साहेब हसले. “तुमच्या हक्काचंच आहे ते. काय शिस्तीत बसला होता तुम्ही सगळ्याजणी! एक काच फुटली नाही. अजून सांगतो मी लोकांना.”

“राहू द्या साहेब,” मीटरबाईंच्या तोंडून निघून गेलं. “सवय नाही.”

साहेब पुढे गेले. पोरीने तागे उचलले आणि परत स्टुलावर रचले.

त्या दिवशी त्यांना लवकर सोडलं. त्या थेट वकिलिणीकडे गेल्या. ती उशीला टेकून वाटच बघत होती.

“बसलीस?”

“बसले.”

“त्याच्यासमोर?”

“अगदी समोर. पायावर पाय टाकून.”

“चल, काहीतरीच! आणि तो?”

“बघत राहिला नुसता. तोंडातून शब्द नाही.”

“किती वेळ बसलीस?”

“चांगली दहा मिनिटं.”

वकिलीण खोकला येईपर्यंत हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे अगदीच वाया नाही गेलं.”

“वाया कसं जाईल गं?”

“मग आता पाहुण्यासारखी उभी काय? बस की.”

“बसते,” मीटरबाई म्हणाल्या. खाटेजवळची खुर्ची रिकामी होती. पण त्या उभ्याउभ्याच तिच्या अंगावरच्या चादरीची कड सरळ करत राहिल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पितळी पट्टीवर धरावी तशी.