निनोस्काचे हात

निनोस्का बार्रियाचे हात हा आमच्या बालवाडीत कित्येक दिवस चिंतेचा विषय होता. हात चांगले होते, तक्रार त्यांच्या वेगाबद्दल होती.

मदतनीस म्हणून तिची दहा-बारा वर्षं ह्याच दोन हातांवर निघाली होती. नाकाला आपण वाहणार हे कळायच्या आत तिनं ते पुसलेलं असे. मूल पडायचं ठरवी, तोवर ते तिच्या कडेवर गेलेलं असे. आमच्या केमची गावातल्या आया म्हणत, "निनोस्का आहे तोवर घोर नाही." मदतनिसाला ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र आमच्या बेटावर मिळत नाही. पगारही मिळत नाही.

मग तिच्या मनानं घेतलं की आपण शिक्षिका व्हायचं. दर शनिवारी बसनं कास्त्रो शहरातल्या विद्यापीठात जाऊन ती शिकू लागली. तिथं तिला कळलं की मूल जिथं स्वतः चढलं नाही तिथं त्याला ठेवू नये, आणि जिथं स्वतः चढलंय तिथून उगाच उतरवू नये. मोठ्या माणसानं जवळ राहावं, पण हात आवरावेत. परीक्षेत तिनं हे इतकं छान लिहिलं की तिचा पेपर वर्गात वाचून दाखवला गेला. हातांनी मात्र ती परीक्षा दिली नव्हती.

म्हणूनच पाठ बघायला पहिल्यांदा प्राध्यापक हिमेना लारायचेआ आल्या तेव्हा घात झाला. आमच्या वर्गात एक लाकडी पूल आहे. चढायला पायऱ्या, वर फळी, पलीकडे उतरायला पायऱ्या. फळीची उंची मोठ्यांच्या कमरेएवढी, म्हणजे अडीच वर्षांच्या माणसाला डोंगरच. त्या दिवशी निनोस्कानं तीन मुलांना त्या डोंगरावरून अलगद उचलून खाली ठेवलं आणि चौथ्याला तर चढायच्याही आधी. जाताना प्राध्यापकबाई एवढंच म्हणाल्या, "तुमचं डोकं शिक्षिकेचं झालंय. हात अजून मदतनिसाचे आहेत. पुढच्या वेळी दोन्ही एकाच बाईचे दिसू देत."

पुढची वेळ म्हणजे शेवटची. ह्या वेळी त्यांची सही झाली की पदवी. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मोठ्या शिक्षिका निवृत्त होणार होत्या आणि पदवी असेल आणि पालक मंडळ हो म्हणेल तर तो वर्ग निनोस्काचा. नाहीतर मुख्य भूमीवरच्या पुएर्तो माँतहून एक मुलगी यायची होती. अजून पंचविशीही न गाठलेली, पण हुशार म्हणत. लंगोट कुठल्या कपाटात असतात हे तिला दाखवायचं काम निनोस्काकडे आलं असतं.

सल्ले द्यायला स्वयंपाकीण ऑर्तेन्सिया होतीच.

"खिशात घाल हात."

"खिशात हात घातलेली बाई मुलांना पोलिसासारखी वाटते."

"मग मागे बांध. पाद्र्यासारखे."

ते जमलं. घरी सराव झाला. नवरा मुद्दाम कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवी आणि निनोस्का हात मागे बांधून त्याच्याकडे बघत उभी राही. पहिल्या आठवड्यात एकही कप फुटला नाही, सगळे तिनं झेलले; तेव्हा ती रडली. दुसऱ्या आठवड्यात तीन फुटले आणि नवऱ्यानं मुलांना सण असल्यासारखी बिस्किटं वाटली.

परीक्षेच्या दिवशी प्राध्यापकबाई कोपऱ्यातल्या मुलांच्या खुर्चीवर बसल्या. त्यांचे गुडघे हनुवटीशी आले होते आणि मांडीवर वही होती. एका मुलीनं जवळ जाऊन विचारलं, "मावशी, तू कुणाची आजी?" आमच्याकडे बालवाडीतली प्रत्येक बाई मावशी असते: शिक्षिका, मदतनीस, स्वयंपाकीण, गॅसची टाकी आणणारीसुद्धा. विद्यापीठाला हे पसंत नाही. मावशी नात्यात असते, शिक्षिका पेशात, असं त्यांचं म्हणणं. प्राध्यापकबाईंनी काहीतरी लिहिलं.

पण पाठ बरा चालला होता. मुलं ठोकळ्यांत रमली होती, कुणी कुणाला चावलं नव्हतं. आणि मग बाल्तासार पुलाकडे निघाला.

एवढं भारदस्त नाव ह्या अडीच वर्षांच्या जिवाला त्याच्या आजीनं दिलं होतं आणि मग ते नाव जमिनीला लागू दिलं नव्हतं. दोन वर्षांचा होईपर्यंत पोर तिच्या कडेवर. बाल्तासार ह्या पुलाच्या पहिल्या पायरीपलीकडे कधी गेला नव्हता. आज, नेमका आज, तो दुसरीवर गेला, मग तिसरीवर, आणि मग फळीवर.

निनोस्का पुलाशेजारी गुडघ्यांवर बसली, हाताच्या अंतरावर. हात मागे.

फळीच्या मधोमध पोचल्यावर बाल्तासारनं खाली पाहिलं. डोंगर चढून गेलेल्या प्रत्येकाकडून होणारी चूक त्याच्याकडूनही झाली.

"मावशी!"

"मी इथंच आहे."

"उचल."

"खाली यायचंय?"

"उचल!"

स्वयंपाकघराच्या खिडकीत ऑर्तेन्सियाचा डाव हवेत थांबला. "अगं उचल की! पोराचे पाय लटपटतायत."

"ऑर्तेन्सिया, रस्सा करपतोय."

"करपू दे मेला."

निनोस्कानं बोटात बोटं इतकी घट्ट गुंतवली होती की नखं पांढरी पडली. ती त्याचे पाय बघत होती. पाय भीतीनं थरथरत होते की थकून? थकले असतील तर उचलायलाच हवं, पुस्तकही तेच सांगतं. घाबरले असतील तर थांबायला हवं. अडीच वर्षांचे पाय दोन्ही वेळा सारखेच थरथरतात. पुस्तकात हे लिहायचं राहिलं होतं.

"पोटावर झोप, बाल्तासार. आणि पाय मागे सोड."

तो पालथा झाला. एक पाय हवेत पायरी शोधू लागला. ती सापडेना. वर्गातले ठोकळेसुद्धा वाजायचे थांबले.

"अजून थोडा खाली. आहे तिथं पायरी. कुठं जात नाही ती."

पाय टेकला. मग दुसरा. पुढची पायरी, त्याच्या पुढची. शेवटच्या पायरीवर त्याला वाटलं, झालं. त्यानं हात सोडले, वळून सगळ्यांकडे विजयानं पाहिलं, पाय घसरला आणि पायरीची कड ओठावर बसली.

आधी काहीच आवाज झाला नाही. मग जो झाला तो धक्क्यावरच्या बोटींपर्यंत गेला असावा.

निनोस्कानं हात पुढे केले आणि थांबली. तो स्वतःच त्यांत शिरला. ओठ जरासा फाटला होता, दात शाबूत. ती ओला कपडा लावत होती. प्राध्यापकबाई लिहीत होत्या. आणि अंगणाकडच्या खिडकीच्या काचेला बाहेरून नाक लावून दोन्या, म्हणजे बाईसाहेब, एडेल्मिरा कार्कामो उभ्या होत्या: बाल्तासारच्या आजी आणि पालक मंडळाच्या अध्यक्षा. नातवाचे घरी राहिलेले रबरी बूट द्यायला आल्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. पुरेसं पाहण्याइतका वेळ नक्कीच.

दार उघडलं ते बुटांनी ढकलून.

"पोर पडत होतं आणि तू बघत बसलीस?"

"हो, दोन्या एडेल्मिरा."

"आणि हात कुठं होते?"

"मागे."

"का? चोरीला जातात?"

ऑर्तेन्सिया खिडकीतून म्हणाली, "मी सांगत होते तिला."

"तू गप्प बस, तुझ्या रश्श्याचा वास मला चौकातच आला." आजी पुन्हा निनोस्काकडे वळल्या. "हे बघ पोरी, गेल्या महिन्यात मंडळात तुझं नाव मी सुचवलं. म्हटलं, बाहेरची कशाला, आपली निनोस्का आहे. आता मला एकच सांग. उद्या हा पुन्हा ह्या लाकडावर चढायला निघाला तर चढू देणार का?"

कोपऱ्यातून पेन टेकवल्याचा आवाज आला. "मलाही नेमकं हेच विचारायचं होतं," प्राध्यापकबाई म्हणाल्या.

निनोस्का बाल्तासारला खाली ठेवून उभी राहिली. एका बाजूला पदवी, दुसऱ्या बाजूला वर्ग. नाही म्हटलं तर मंडळ वर्ग देईल, पण पदवीशिवाय तो हाती येत नाही. हो म्हटलं तर पदवी मिळेल, पण मंडळ वर्ग पुएर्तो माँतच्या मुलीला देईल आणि पदवी नुसती भिंतीला टांगलेली राहील. मधलं उत्तर तिला माहीत होतं, आमचे नगराध्यक्ष रोज देतात: प्रश्न महत्त्वाचा आहे, आम्ही समिती नेमू. तिनं तोंड उघडलंही.

"हो," ती म्हणाली. "चढू देईन."

"रक्त आलंय त्याला!"

"आलंय. उद्या तो हात उशिरा सोडील. मी त्याला उचललं असतं तर हे त्याला कधीच कळलं नसतं. आज तुम्ही आहात, मी आहे. शाळेत गेल्यावर जिन्यावर कोण असेल?"

"जिन्यावर मी असेन!" आजी गरजल्या, आणि त्या असत्याच, ह्याबद्दल कुणाला शंका नव्हती. पुढच्या वाक्यासाठी त्यांनी श्वास घेतला. घेतला तो सोडलाच नाही.

बाल्तासार दुसऱ्या पायरीवर होता.

उद्यापर्यंत थांबायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मोठी माणसं बोलतात तेव्हा मुलांना कामं उरकून घेता येतात.

आजी झेपावल्या. आणि तेव्हा निनोस्काचे हात सुटले, पूर्वीच्या वेगानं, आणि त्यांनी दोन्या एडेल्मिरांना कमरेला अधांतरी झेललं.

"सोड मला!"

"हळू बोला," ती त्यांच्या कानात म्हणाली. "हाक मारलीत तर तो वळेल. वळला तर पडेल."

आजी थांबल्या. पाय थांबले, हातांना काहीतरी धरायला हवंच होतं. जवळ प्राध्यापकबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, त्यांचा दंड सापडला. तो आजींनी असा पकडला की बाईंचा चेहरा काही वेळ विद्यापीठाचा राहिला नाही. निनोस्का सरकत सरकत पुलापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली.

फळीवर पोचल्यावर बाल्तासारनं मान वर केली. ओठ सुजलेला. आजी दिसली. कडेवर घेणारी, कधीही नाही न म्हणणारी. त्याचे हात फळीवरून उठू लागले.

निनोस्कानं मान न वळवता म्हटलं, "दोन्या, फक्त बोला. पुढे येऊ नका."

"आजी," बाल्तासार म्हणाला. "वर."

आजी जागेवरूनच म्हणाल्या, "दिसतंय हो मला. धरून राहा."

त्यानं फळी पुन्हा धरली. पालथा झाला. पाय मागे गेला, हवेत फिरला, चुकला. पुन्हा फिरला. प्राध्यापकबाईंनी डोळे मिटले. दंडावरची बोटं आणखी रुतली. पाय टेकला. एक पायरी. मग पुढची. शेवटच्या पायरीवर तो थांबला, दोन्ही हातांनी कड धरून, आणि बराच वेळ विचार करत राहिला. मग एक पाय जमिनीवर ठेवला. मग दुसरा. आणि मग हात सोडले.

कुणाकडे न बघता तो ठोकळ्यांकडे गेला आणि एका मुलीचा मनोरा पाडला.

ऑर्तेन्सियाला रस्सा आठवला. निनोस्का पुलाला धरून उठली.

"बाई," प्राध्यापक हळूच आजींना म्हणाल्या, "माझा उजवा हात तेवढा सोडता का? सही करायची आहे."

"कसली सही?"

"हिच्या पदवीची."

आजींनी निनोस्काकडे पाहिलं. मग एक बोट सोडलं. मग दुसरं. तिसऱ्याला थोडा वेळ लागला.