मुकादम बाबांशी का बोलत नव्हती

माझे बाबा सुतार आहेत. आपल्या हातांचा त्यांना जितका अभिमान, तितकाच कानांचाही होता. फळी निवडताना ते तिच्यावर बोटाच्या पेराने ठोकायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि सांगून टाकायचे, "ही आतून पोकळ आहे," नाहीतर, "ही अजून ओली आहे, दोन महिन्यांनी बघू." वखारवाला त्यांना वचकून असायचा. बाबा आत शिरले की तो चांगला माल आपणहून पुढे करायचा. लहानपणी मीही घरातली दारं-टेबलं ठोकत फिरायचे आणि काहीही न कळता मान तिरकी करायचे.

मागच्या वर्षी ऑफिसच्या जिन्यावरून पडून मी पाय मोडून घेतला. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. एकटीने राहणं शक्य नव्हतं म्हणून आईबाबांकडे आले. घराच्या पुढच्या अर्ध्या भागात बाबांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब खोली, मशीनची करवत, कामाचं टेबल आणि भिंतीला टेकवलेल्या फळ्या. दिवसभर पलंगावर पडून जीव विटला, तेव्हा मी तिथेच एक आरामखुर्ची टाकून घेतली.

तिथे माझी मुकादमशी खरी ओळख झाली. मुकादम म्हणजे बाबांची मांजर. राखाडी रंगाची, अंगाने भरलेली. पाच वर्षांपूर्वी पिल्लू असताना भुशाच्या पोत्यात सापडली होती. फळ्यांच्या ढिगावर बसून सगळ्यांच्या कामावर नजर ठेवते, म्हणून बाबांनी हे नाव दिलं.

ही मुकादम भयंकर बडबडी होती. सकाळी मी कुबड्या टेकत आले की शेपटी उभी करून समोर यायची आणि एक छोटा, प्रश्न विचारल्यासारखा आवाज काढायची. भूक लागली की तिचा सूर लांब व्हायचा, दार उघडून हवं असलं की तुटक. माझ्या प्लॅस्टरवर बसता येत नाही म्हणून ती कुरकुरायची, त्याचा सूर आणखी वेगळा. आठवडाभरात मला तिचं अर्धंअधिक बोलणं कळायला लागलं. गिऱ्हाईक आलं की त्याच्याशीही गप्पा. आईशी तर सवाल-जवाब चालायचे.

बाबांशी मात्र एक अक्षर नाही.

बाबांकडे ती वळसा घालून समोरून जायची. टेबलाजवळ बसायची आणि त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवायची. नखं आत, नुसता मऊ दाब. बाबा खाली बघायचे. ती त्यांच्याकडे बघून डोळे सावकाश मिटायची, सावकाश उघडायची, बाबाही तसंच करायचे. मग ती ज्या दिशेला निघेल तिकडे बाबा जायचे. वाटीकडे गेली तर खाणं, दाराकडे गेली तर दार. बाहेर कुणी आलं असलं तर ती पंजा दोनदा लावायची आणि दारापर्यंत जाऊन मागे वळून बघायची.

"ही तुमच्याशी बोलत नाही का हो?" मी एकदा विचारलं.

बाबांनी वर बघितलं. "काय?"

"मुकादम. माझ्याशी इतकं बोलते, तुमच्याशी का नाही?"

"तिला गरजच काय?" बाबा म्हणाले. "आमचं न बोलता कळतं."

खोटं कशाला सांगू, मला थोडा हेवा वाटला.

संध्याकाळी मी ही गोष्ट आईला सांगितली. आई भाजी चिरत होती. आईचा आवाज मुळातच खणखणीत. तिने चार घरं पलीकडे ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "न बोलता कसलं कळतंय? पूर्वी दिवसभर यांच्यामागे ओरडत फिरायची. माझं डोकं उठायचं. दोन वर्षं झाली असतील, एकदम गप्प झाली. यांनाच कंटाळली असेल. मला नाही का यांनी कंटाळा आणलाय? चार हाका मारल्या तर एकीला ओ देतात. ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, सवयच लागलीय."

त्या वेळी मी हसले. पण तिचं बोलणं मनातून जाईना.

दोन दिवसांनी दुपारी बाबा एका नव्या कपाटाच्या खणांवर काम करत होते. कपाट त्यांच्या पाठीशी, हातभर अंतरावर उभं होतं. बिजागऱ्या नीट बसल्यात का बघायला त्यांनी कपाटाचं दार लावलं, खिटी सरकवली आणि पुन्हा टेबलाकडे वळून रंधा मारायला लागले. मी खुर्चीत पुस्तक वाचत होते. थोड्या वेळाने त्यांनी रंधा खाली ठेवला आणि खणाच्या कडेवरून बोट फिरवू लागले. खोलीत शांतता पसरली आणि मला मुकादमचा आवाज आला. दबलेला, पण मोठा. ती कपाटात झोपायला शिरली होती आणि अडकली होती.

मी हाक मारणार होते, पण थांबले. आवाज बाबांच्या पाठीला लागून येत होता. त्यांना तो माझ्याआधी ऐकू यायला हवा होता. ती पुन्हा ओरडली. बाबा कडेवरून बोट फिरवत होते. तिसऱ्यांदा ती इतकी जोरात ओरडली की स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "काय झालं गं तिला?" बाबांनी शांतपणे पॉलिश पेपर उचलला.

मी कुबड्या घेऊन उठले आणि कपाटाची खिटी काढली. मुकादम उडी मारून बाहेर आली, थेट बाबांच्या समोर उभी राहिली आणि तोंड उघडून तक्रार करायला लागली. बंद दाराआडून पंजा लावता येत नव्हता, म्हणून ती जुन्या पद्धतीवर गेली होती, आणि रागाच्या भरात अजून तिथेच होती.

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"ओरडतेय का ती?"

"हो."

"केव्हापासून?"

"बराच वेळ झाला, बाबा."

ते स्टुलावर बसले. हातातला पॉलिश पेपर त्यांनी घडी घालून बाजूला ठेवला. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"वर्ष-दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "फळी ठोकतो, पण काही कळत नाही. आधी वाटलं लाकूडच तसलं येतंय."

"मग लाकूड निवडता कसं?"

"वजनावरून. बोटांवरून. ठोकतो ते नुसतं वखारवाल्याला दाखवायला." मग मान वर करून म्हणाले, "अजून एकही फळी चुकलेली नाही."

तेवढ्यात मुकादमचा राग ओसरला होता. तिने त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. बाबांनी त्या पंजाकडे असं बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होते.

"म्हणजे हिला माहीत होतं," ते म्हणाले.

"आमच्या सगळ्यांच्या आधीपासून."

"हाका मारून बघितल्या असतील. मी ओ देत नाही म्हटल्यावर दुसरी तऱ्हा काढली." त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. शागिर्दाने पहिलं काम चोख करून दाखवल्यावर उस्तादाचा होतो तसा तो चेहरा झाला होता. "कुणी शिकवलं नाही तिला. स्वतःच्या डोक्याने केलं."

आई हात पुसत दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती जवळ आली आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी म्हणाली, जे बाबांना अर्थातच ऐकू आलं नाही. मग त्यांच्यासमोर बसून तिने पुन्हा सांगितलं, "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम करता."

"कधी कधी मुद्दामही करायचो," बाबा म्हणाले. आई रडता रडता हसली.

पुढच्या आठवड्यात आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "कधीपासून कमी ऐकू येतंय?"

"नक्की तारीख आमच्या मांजरीला माहीत," बाबा म्हणाले. मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. पंजा, डोळे, दोनदा म्हणजे दाराशी कुणी आलंय, काही सोडलं नाही. बाहेर रांग होती, पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवून ऐकून घेतलं.

"पेशंटला बहुतेक वेळा बायको आणते, नाहीतर मुलं," ते म्हणाले. "मांजरीमुळे आलेले तुम्ही पहिलेच."

बाबा खुर्चीत ताठ बसले. आजवर त्यांच्या कपाटांना, पलंगांना खूप लोकांनी वाखाणलं असेल, पण ही शाबासकी त्यांनी निराळ्याच थाटात घेतली.

इतकी वर्षं मशीनच्या करवतीजवळ उभं राहून कान गेले होते. गेलेलं परत येणार नव्हतं, पण यंत्राने बरंच भागेल असं डॉक्टर म्हणाले. माझं प्लॅस्टर निघायच्या आधी दोन्ही कानांत यंत्रं बसली. ती लावून बाबा पहिल्या दिवशी कारखान्यात आले तेव्हा एक गिऱ्हाईक दुरुस्तीची खुर्ची न्यायला आलं होतं. मुकादम त्याच्यासमोर बसून लांबलचक काही सांगायला लागली. बाबा होते तिथेच थांबले.

"आवाज घोगरा झालाय हिचा," ते म्हणाले. "पिल्लू होती तेव्हा पातळ होता." आणि बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले.

गिऱ्हाईक गेल्यावर मुकादम त्यांच्याकडे आली. चकार शब्द न काढता गुडघ्यावर पंजा ठेवला.

"आता येतं की ऐकू," मी म्हटलं. "हाक मारायची सवय लावा तिला पुन्हा."

"कशाला?" बाबा वाकून तिच्या डोळ्यांत बघत होते. "तुमच्याशी ती बोलते तसं सगळ्यांशीच बोलते. हे तिने फक्त माझ्यासाठी बनवलंय. ते मी मोडू?" त्यांनी डोळे सावकाश मिटले, उघडले. तिनेही मिटले, उघडले. मग ती वाटीकडे निघाली आणि बाबा तिच्यामागे.

आता मी महिन्यातून एकदा घरी जाते. बाबा करवत चालवताना कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या लावतात आणि आई काही सांगायचं असलं की समोर येऊन सांगते, तरी चार घरं पलीकडे ऐकू जाईल असंच. मुकादमची गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकावीच लागते. दर खेपेला ती थोडी लांबते. परवा बाबा सांगत होते की, फोन वाजला की मुकादम पंजा तीनदा लावायची. असं मी तरी कधी पाहिलेलं नाही, फोन त्यांच्या खिशातच थरथरायचा. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. ढिगावर बसलेल्या मुकादमने काही हरकत घेतली नाही, म्हणून आम्हीही गप्प बसलो.