करंगळीचा सूर

"कागदाकडे नको, माझ्या बोटांकडे बघ!" सोलो शहरातले व्हायोलिनचे मास्तर पाक दर्मो चौथ्यांदा कडाडले. करंगळीने वाजवायचा सूर आला की त्यांची विद्यार्थिनी निंग्रुम हमखास सुराखाली उतरायची. तिच्याआधी तिघींनीही नेमकी तिथेच माती खाल्ली होती.

"कान गहाण टाकलेत का सगळ्यांनी?"

निंग्रुमला रडू फुटलं. "पाक, तुमचीच करंगळी तिथवर पोचत नाही. तुम्ही वाजवता तसंच आम्ही वाजवतो."

पाक दर्मोंनी आपल्या आखडलेल्या करंगळीकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"मी यायच्या आधीपासून. क्लासमधल्या थोरल्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सगळ्यांनी तेवढंच उतरायचं. ओरडा खायचा, पण पाकांना कळू द्यायचं नाही."