नानांचा लाकडी पाय

शाळेत परीक्षेला कॉपी पकडण्यात हेमाची एकतीस वर्षं गेली होती. एखादं पोरगं उगाच खिडकीबाहेर बघायला लागलं की ती थेट त्याच्या कंपासपेटीला हात घालायची, आणि सहसा चुकायची नाही. निवृत्तीनंतर ही नजर गंजायला लागली होती. तेवढ्यात लोणी काळभोरहून तिचे सासरे कर्वेनगरच्या फ्लॅटवर राहायला आले आणि बाईंना पुन्हा काम मिळालं.

नाना त्र्याण्णव वर्षांचे. तरुणपणी फौजेत सुतार होते. पासष्टच्या लढाईत सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. सरकारी दवाखान्याने दिलेला पाय त्यांनी आठवडाभर वापरून माळ्यावर टाकला आणि जुन्या चौकटीच्या सागवानातून स्वतःच एक घडवला. त्या पायावर उभं राहून त्यांनी बैलगाड्यांची चाकं केली, नांगर केले, निम्म्या गावाची दारं बसवली. कुणी हळहळलं की म्हणायचे, "माझ्या पायाला वाळवी लागंल, पर मुंग्या येत न्हाईत."

हाच पाय आता हेमाच्या डोळ्यावर आला होता. त्याला कारण नणंद. काही वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हापासून त्यांच्या सोन्याच्या पाटल्या सापडत नव्हत्या, आणि शेवटी आईजवळ हेमाच होती, असं प्रेमलावन्सं सगळ्या भावकीत सांगत सुटल्या होत्या. तोंडावर बोलल्या असत्या तर हेमाने तिथल्या तिथे निस्तरलं असतं. पण लग्नकार्यात बायका बोलता बोलता तिच्या मनगटाकडे बघायच्या. पाटल्या सापडल्याशिवाय हा आळ जाणार नव्हता.

आणि नानांचं वागणं तर असं, की आंधळ्यालाही संशय यावा. पूर्वी दुपारी पाय काढून, भिंतीला टेकवून झोपायचे. दिवाळीपासून झोपतानाही काढेनात. जेवण झालं की खोलीला कडी लागायची आणि आतून कानशीने लाकूड घासल्याचा आवाज यायचा. केरात सागाचा भुसा निघायचा. हेमाची एक जुनी सुती साडी गायब झाली. हळदीचा डबा निम्म्यावर आला. जन्मात देवापुढे हात न जोडलेला हा माणूस खोलीत एका वेळी सहा-सहा उदबत्त्या लावायला लागला.

"अहो, नाना पाय आतून पोकरतायत," ती नवऱ्याला म्हणाली.

"त्यांचा पाय आहे. पोकरू देत," दिगंबर पेपरातून म्हणाला.

"आत पाटल्या आहेत."

"आणि हळद? तोंडी लावायला का?"

पण हेमाने हळदीचाही उलगडा केला होता. हळदीच्या पाण्याने सोनं उजळतं. साडी गुंडाळायला. उदबत्त्या म्हणजे मन खातंय. सगळं कसं चोख बसत होतं. दोन महिने ती दुपारची झोप सोडून त्या दाराला कान लावून उभी राहिली.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी कानशीचा आवाज मध्येच थांबला आणि आत काहीतरी पडलं. हेमाने फटीतून फूटपट्टी घालून कडी उचलली.

नाना कॉटच्या कडेवर बसले होते. पाय काढून मांडीवर आडवा घेतलेला, कानस फरशीवर. हेमाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने पाय उचलला आणि वरच्या पोकळीत हात घातला.

बोटं ओली झाली.

आत तिच्या साडीच्या घड्या होत्या, हळदीने माखलेल्या, आणि हळदीखाली पू आणि रक्त. मग तिने नानांकडे बघितलं. गुडघ्याखालचा खुंट काळानिळा पडला होता आणि टोकाला जखम हाडापर्यंत उघडी होती. उदबत्त्यांच्या खालचा वास आता तिला आला.

"नाना, हे कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासनं. लाकूड टोचतंय वाटलं, म्हणून घासत बसलो."

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर डाक्टरनं गुडघ्यावरनं कापला असता. मग ह्यो पाय बसवू कुठं? हितंच खाटंवर मरू?" त्यांना धाप लागली होती. "आन् त्यात पाटल्या न्हाईत. तू दाराशी उभी ऱ्हातीस ते कळतंय मला. म्हातारीच्या दुखण्यात मोडल्या मी. पोरांपुढं हात पसरायची लाज वाटली. प्रेमलीला सांगतो मी."

इतकी वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते एका वाक्यात मिटलं, आणि हेमाला तिळभरही सुटल्यासारखं वाटलं नाही. ओली बोटं कुठे पुसावीत तेच तिला कळेना.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून कापावं लागेल असं सांगितलं आणि कागद पुढे केला. दिगंबर सही करायला वाकला, तसा नानांनी तापातच हात उचलला.

"तो नगं. सूनबाई, तू बघ. तुला समदं खोटं वाटतं. हे खोटं हाय का बघ."

हेमाने कागद काढून घेतला. एक्स-रेचे फोटो मागितले, रिपोर्ट मागितले. गुडघा का ठेवता येत नाही, दुसरे डॉक्टर काय म्हणतात, एक दिवस थांबलं तर काय होईल, ती विचारत राहिली. दुसऱ्या डॉक्टरांनाही बोलावून घेतलं. कुठेतरी चूक निघावी, कुणीतरी खोटं बोलत असावं, असं तिला आयुष्यात कधी इतक्या तळमळीनं वाटलं नव्हतं.

"ताई, विष गुडघ्यात चढलंय," दुसरे डॉक्टर म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर गुडघा वाचला असता."

ती नानांच्या कॉटशी आली. ते तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"काय म्हणत्यात?"

"खरं बोलतायत, नाना."

नानांनी भिंतीकडे तोंड केलं.

"तू म्हणतीस म्हंजी असंल. कर सही."